तिथं पाना घेऊन कोणी जात नाही

मुलगी पाहायला रोहिणखेडला गेलो तेव्हा बापाबरोबर आणखी एक वडीलधारं माणूस म्हणून मी माझ्या आयटीआयच्या सरांना सोबत नेलं. पोहे झाले, चहा झाला. मुलीच्या वडिलांनी घसा खाकरून सांगितलं, की मुलगी बी.ए. झाली आहे, उंची पाच फूट दोन इंच. सरांनी कपबशी खाली ठेवली आणि अगदी आपुलकीनं विचारलं, "अधिक-उणे किती?"

खोलीत कुणाला काही कळेना. माझ्या बापानं मान खाली घातली. मग सरांनी समजावून सांगितलं, की जगातलं कोणतंही माप एकटं येत नाही, त्याच्यासोबत चुकीला थोडी जागा ठेवावी लागते. नुसतंच पाच फूट दोन इंच म्हणणारा माणूस एक तर अडाणी असतो, नाहीतर खोटारडा. मुलीच्या बापाचा चेहरा पाहून मी ते स्थळ मनातल्या मनात सोडून दिलं. तेवढ्यात आतून कुणीतरी फस्सकन हसलं. जी हसली तिच्याशीच पुढे माझं लग्न झालं.

सर असेच होते. दोन वाजता येतो म्हटलं की "अधिक-उणे?" भाजीत मीठ जास्त झालं म्हटलं की "किती जास्त?" त्यांच्या घरी नवा माणूस आला की पाच मिनिटांत त्याला घाम फुटायचा. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पदर तोंडाला लावून आत पळायच्या आणि मग बाहेर येऊन त्याला सांगायच्या, "मनावर नोका घेऊ भाऊ. लग्नात याहिनं मंगळसूत्राचीबी जाडी मोजली होती."

खामगावच्या आयटीआयमध्ये सर टर्नरचं, म्हणजे लेथवर धातू कातायचं, काम शिकवायचे. मी अमडापूरहून शिकायला आलो आणि त्यांच्या हाताखाली पडलो. निवृत्त झाल्यावर त्यांनी कापसाच्या जिनिंगच्या बाजूला एक पत्र्याची शेड घेतली, दोन जुने लेथ उभे केले आणि आम्हा तीन-चार जुन्या पोरांना बोलावून घेतलं. कामं काय, तर जिनिंगचे रोलर, तेलमिलच्या मशिनीचे बुश आणि शेतकऱ्यांच्या पंपाचे शाफ्ट, म्हणजे फिरणारे दांडे. पोटापाण्याचं काम. सरांचं मन दुसरीकडेच होतं, आणि ते कुठं होतं हे शेडमध्ये पाय ठेवताच दिसायचं, कारण ते जमिनीवर रंगवलेलं होतं.

सरांनी शेडच्या फरशीवर निळ्या ऑइलपेंटनं एक यान काढलं होतं. शनीच्या एका बर्फाच्या चंद्रावर उतरणारं. खरं माप, एकास एक. वीस वर्षं त्यांनी त्याचं डिझाइन केलं होतं, कागद पत्र्याच्या पेटीत होते. इंधनाच्या दोन टाक्या, नळ्या, झडपा, मधे उपकरणांचा डबा आणि चार पाय. शेड लहान पडल्यामुळे चौथा पाय दाराबाहेर निंबाच्या ओट्यापर्यंत गेला होता. आम्ही सगळे त्या रेषांना वळसा घालून चालायचो. खांद्यावर शाफ्ट घेऊन एखादा शेतकरी सरळ आत आला, की लेथवरून सर ओरडायचे, "ओ भाऊ, टाकीत उभे राह्यले तुमी! बाजूले व्हा!" बिचारा साप दिसल्यासारखा उडी मारायचा. गावात सर सटकलेले म्हणूनच प्रसिद्ध होते. पण शाफ्ट मात्र त्यांच्याकडूनच करून न्यायचे, कारण तो दुरुस्तीला परत यायचा नाही.

काकू एकदा माझ्यादेखत म्हणाल्या, "याहिच्या यानात मले जागा हाय का, विचार बरं."

सर गंभीरपणे म्हणाले, "वजन वाढते."

त्यावर काकू जे बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सरांचं एक वाक्य मी दिवसातून पाच वेळा ऐकलं असेल. "ट्रॅक्टर बंद पडला त मेकॅनिक येते. मोटर जळली त रिवायंडिंगवाला हाय. तिथं पाना घेऊन कोनी जात नाही, बाप्पा." रोलरचं तोंड थोडं खरबरीत राहिलं तरी तेच, बुश सैल झाला तरी तेच. अहो सर, हा बुश सरकीचं तेल काढणाऱ्या मशिनीत जाणार आहे, असं कुणी म्हणालं तर ते म्हणायचे, "हात एकच असते. खालचं काम अन् वरचं काम असे दोन हात देवानं देल्ले नाहीत."

मोजमापाच्या बाबतीत तर त्यांच्यापुढे सोनारानं हात टेकावे. उन्हाळ्यात खामगावात लोखंडाला हात लावला तर कातडी सोलून निघते, आणि तापलेलं लोखंड फुगतं. म्हणून बारीक काम मोजायचं ते पहाटेच. जॉब, म्हणजे कातलेला नग, आणि मायक्रोमीटर आदल्या संध्याकाळपासून एकाच फडक्यावर शेजारी शेजारी ठेवायचे. "वळख होऊ द्या त्याहिची," सर म्हणायचे. मोजण्याआधी माठाच्या पाण्यात हात बुडवायचे, कोरडे करायचे, आणि त्यानंतर कुणाशी हात मिळवायचा नाही. एकदा आमदार आले होते. सरांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि "हात थंडे केले हायत" एवढंच म्हणाले. आमदारांना तो अपमान वाटला. सरांना शेवटपर्यंत कळलं नाही की त्यांचं काय चुकलं.

आणि कार्ड. प्रत्येक जॉबसोबत एक पिवळं कार्ड. कोणी कापला, किती वाजता, हवा किती गरम होती, काय चुकलं. चुकलं काय, हा रकाना सगळ्यांत मोठा. जॉब बिघडवला म्हणून सर कधी कुणावर चिडले नाहीत. मी पहिल्याच महिन्यात पितळेचा अख्खा बार वाया घालवला. त्यांनी मला चहा पाजला. पण आमच्यातला सगळ्यात तयार कारागीर, ज्याच्या हाताला मीसुद्धा मानायचो, त्यानं एकदा केसापेक्षाही बारीक चूक कार्डावर लिहिली नाही. सरांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. जाताना तो रडला, सरही रडले, पण परत घेतलं नाही. "चुकीवाल्या मानसाले मी सांभाळीन," ते मला म्हणाले. "लपोनाऱ्याले कसं सांभाळू? त्याचं अधिक-उणे किती, हेच मले मालूम नाही."

हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणून तर मला क्षमा नाही.

काम आलं ते सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो दक्षिणेकडच्या एका कंपनीत लागला होता. ती कंपनी यानांचे सुटे भाग लहान कारखान्यांकडून बनवून घ्यायची. चंद्रावर उतरणाऱ्या एका यानाच्या इंधनाच्या नळीत झडपेच्या तोंडाशी बसणारा एक जोड हवा होता, टायटॅनियमचा. ड्रॉइंगवर त्याचं नाव हातभर लांब होतं; तो बोटातल्या अंगठीएवढाच होता म्हणून आम्ही त्याला अंगठीच म्हणायचो. नमुन्यासाठी बारा नग. पसंत पडले तर ते बाराही यानाच्या कामाला घेणार होते. शनी नसला तरी चंद्र तर होता. ड्रॉइंग आलं त्या दिवशी सरांनी जमिनीवरच्या यानात त्या अंगठीची जागा शोधून तिथं लाल ठिपका दिला आणि बराच वेळ त्याच्याजवळ उकिडवे बसून राहिले.

बारा अंगठ्यांना चौदा महिने लागले. टायटॅनियम फार हट्टी धातू, लेथवर जळतो, टूल खातो. किती नग भंगारात गेले ते मी सांगत नाही. सरांनी शेडच्या कोपऱ्यात काचेची एक खोली बांधून घेतली, तिथं चपला नाहीत, टॉवेल नाही, तोंड बांधल्याशिवाय प्रवेश नाही. शेवटचा हात ते स्वतः फिरवायचे. आणि त्याच चौदा महिन्यांत त्यांचे डोळे गेले. एकदम नाही. आधी मायक्रोमीटरवरच्या रेषा दोन दिसायला लागल्या, मग मी वाचून दाखवायला लागलो. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे मोतीबिंदूसारखं नाही, मागचा पडदाच खराब होत चालला आहे, परत येणार नाही. सरांनी डॉक्टरांना विचारलं, किती दिवस, अधिक-उणे किती? डॉक्टर हसले. मी हसलो नाही, कारण सर कशाचा हिशोब मांडताहेत ते मला कळत होतं. या बारा अंगठ्यांनंतर त्यांच्या हातून तेरावी होणार नव्हती.

अंगठ्या धुऊन, वाळवून, दुहेरी पिशव्यांत बंद करून काचेच्या खोलीत ठेवल्या होत्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पार्सल जायचं होतं. खंडेनवमीला आमच्याकडे कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं धुऊन त्याला हळदकुंकू लागतं. त्या सकाळी काकूंनी सरांना विचारलं, "एवढं वर जाऊन राह्यलं, अन् त्याले कुंकवाचं बोट नाही?"

"लेथची पूजा कर, वं. डिरील मशीनची कर. माही कर. त्या खोलीत जाऊ नोको," सर म्हणाले. "एक कन आट्यात अडकला त झडप अडकते. झडप अडकली त यान पडते. तिथं पाना घेऊन कोनी..."

"जात नाही. मालूम हाय," काकू म्हणाल्या.

सरांना डॉक्टरांनी नेमका त्याच दिवशी बोलावलं होतं. ते अकोल्याला गेले, काचेच्या खोलीची किल्ली माझ्याकडे देऊन. काकूंनी मशिनींची पूजा केली, झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला आणि पूजेचं ताट लेथवर ठेवून त्या बाहेर निंबाखाली प्रसाद वाटायला गेल्या.

मी ते ताट उचललं आणि खोली उघडून आत गेलो.

मी अडाणी नव्हतो. आट्यात कण गेला तर काय होतं हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण आमच्या घरी नवी सायकल आणली तरी कुंकू लावल्याशिवाय तिच्यावर कुणी टांग टाकत नाही, आणि हे तर ज्या माणसानं मला माणूस केलं त्याचं आयुष्यभराचं काम. ते तसंच कोरडं, बोडकं जाणार, याची मला भीती वाटली. मला वाटलं, एकाला. बाराच्या वतीनं एकाला. एक पाकीट उघडलं, करंगळीशेजारच्या बोटानं अंगठीच्या बाहेरच्या अंगाला हळदीचा आणि कुंकवाचा टिपका लावला, हात जोडले. आणि मग मला आटे दिसले. मी ती अंगठी धुतली, पुन्हा धुतली, भिंगाखाली पाहिली, वाळवली, नव्या पिशवीत बंद केली. मला ती स्वच्छ दिसली. कार्ड समोरच होतं. पाकीट उघडलं तर लिहायचं, हा नियम होता. मी लिहिलं नाही.

एवढंच लिहायचं होतं. सरांनी ती एक अंगठी बाजूला काढली असती, मला चहा पाजला असता, आणि अकरा गेल्या असत्या.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. सरांना वाचता येत नव्हतं म्हणून त्यांनी ते माझ्याच हातात दिलं. मी मोठ्यानं वाचलं. एका नगाच्या आट्यात बाहेरचे कण सापडले, पिवळे, वनस्पतीचे. या जागेच्या स्वच्छतेवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून सगळे बाराही नग नाकारले आहेत. पुढे काम देता येणार नाही. सोबत मोठा करून काढलेला फोटो होता. त्यात तो कण हरभऱ्याच्या डाळीएवढा दिसत होता.

"पिवळे म्हनते?" सरांनी विचारलं.

"हाव, सर."

"हळद," ते म्हणाले.

ते घरी निघाले, मी मागोमाग. काकू अंगणात बसून शेंगा सोलत होत्या. सर त्यांच्यासमोर उभे राहिले. आवाज चढलेला नव्हता. "अंगठीले हळद तू लावली?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हाव. लावली."

सर "बरं" म्हणाले आणि आत जाऊन बसले.

मी का बोललो नाही? याचं उत्तर मी स्वतःला अनेक प्रकारे दिलं आहे. त्या वेळी मी मनाशी म्हटलं, की काकूंनी बाहेर लेथला पूजा केलीच होती, हळद हवेनं उडूही शकते, कदाचित त्यांना खरंच वाटत असेल की त्यांचीच उडाली. कदाचित त्यांचीच असेल. माणूस स्वतःशी किती सफाईनं खोटं बोलतो, हे मला त्या दिवशी कळलं. उद्या सांगू, त्यांचा राग उतरला की सांगू, असं म्हणत मी घरी गेलो.

राग उतरला नाही, कारण तो राग नव्हताच. सर काकूंना एक शब्दही वाईट बोलले नाहीत; त्यांनी बोलणंच सोडून दिलं. पाणी दे, दार लाव, एवढंच. अधिक-उणे विचारणं बंद झालं. रोहिणखेडला सासुरवाडीला जातो म्हणून मी सांगायला गेलो आणि मुद्दाम म्हटलं, चार वाजेपर्यंत येतो. ते म्हणाले, "ये." थोड्या दिवसांनी मी त्यांना शेडमध्ये पाहिलं. ते दारातून आत आले आणि टाकीवरून, नळ्यांवरून, त्या लाल ठिपक्यावरून सरळ चालत लेथपाशी गेले. मला वाटलं डोळ्यांनी दिसलं नसेल. पण जागा तर त्यांना पाठ होती. वर्षभरात शेड विकली. नव्या मालकानं फरशी घासून काढली आणि तिथं सरकीची पोती रचली.

मी दुसरीकडे कामाला लागलो, पण रोज सकाळी कामावर जाताना सरांकडे चहाला जायचो. सहा वर्षं गेलो. त्यांना पेपर वाचून दाखवायचो, यानांच्या बातम्या आधी.

मग आमच्या अंगठ्या ज्याच्यासाठी होत्या ते यान चंद्रावर उतरायचं होतं. त्या संध्याकाळी अख्खं गाव टीव्हीसमोर होतं. सरांना आता नुसता उजेड दिसायचा, म्हणून मी शेजारी बसून सांगत होतो, आता उंची इतकी, आता वेग इतका. उतरलं. टीव्हीत लोक टाळ्या वाजवायला लागले, बाहेर चौकात फटाके फुटले, पोरं ओरडत पळाली. सरांनीही टाळ्या वाजवल्या, लहान पोरासारख्या, हात चुकवत. मग थांबले आणि मला म्हणाले, "आपली अंगठी जिथं बसनार होती ना, तिथं कोनाची बसवली असन रे?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं. पण त्यांचा चेहरा इतका निवांत होता, की मी म्हणालो, "असन कोनाची तरी, सर."

"चांगली केली असन," ते म्हणाले. "झडप बराबर उघडली."

त्या हिवाळ्यात सर गेले. अंत्ययात्रेला शेतकरी होते, मिलवाले होते, आणि सरांनी घरी पाठवलेला तो कारागीरही होता. त्यानं खांदा दिला. मला त्याच्या शेजारी उभं राहवेना.

तेरवी झाली, पाहुणे पांगले, दोन महिने गेले. मग एका दुपारी मी काकूंकडे गेलो. त्या तूर निवडत होत्या. मी खाली बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ताट, खोली, एक अंगठी, न लिहिलेलं कार्ड. काकूंचा हात थांबला नाही.

"मालूम हाय मले," त्या म्हणाल्या. "मी परसादाचं भांडं घ्याले आली होती. तू त्या खोलीतून ताट घेऊन निंगाला तवा मी दारातच होती."

मी विचारलं, मग तुम्ही हो काऊन म्हटलं?

"मोठेपना नोको समजू त्याले," काकू म्हणाल्या. "मी हिशोब केला. माह्यावर रुसले तरी जेवाले घरीच येतीन, जातीन कुठं? तुह्यावर रुसले असते, त त्याहिले त्या यानाबिनाचं बोलाले या गावात दुसरं कोन होतं? अन् मले वाटलं, चार दिवसांचं हाय. पोरगा आज नाही त उद्या सांगनच. रोज सकाळी चहा ठेवला का मी मागच्या दारानं निंगून जात होती. तुले सांगता यावं म्हनून."

सहा वर्षं. मी समजत होतो की काकूंना माझा कंटाळा आला आहे.

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी ते बाजूला सारलं, रागानं नाही, तुरीतला खडा सारावा तसं.

"मले सांगून आता काय उपेग?" त्या म्हणाल्या. "मले त मालूमच होतं. ज्याले मालूम नोतं, तो मानूस माह्याशी अबोला धरून गेला."

मी उठलो. काकूंनी थांब म्हटलं नाही.